थंडीतली सहल : रात्रीचा प्रवास नको



सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आलो की आमच्या वसई-विरार भागातल्या वस्त्यांत सहलीच्या गोष्टी सुरू होतात. नालासोपारा म्हणा, विरार म्हणा, नायगाव म्हणा, विहाराच्या ओट्यावर चार जण बसले की कोणीतरी म्हणतो, "यंदा महू-सांची करूया." वर्गणी ठरते, टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याला फोन होतो आणि मग ठरलेले वाक्य येते : "रात्री निघू, पहाटे पोचू, लॉजचे पैसे वाचतील."

आमचे सांगणे या एका वाक्याबद्दल आहे. लॉजचे पैसे वाचतात हे खरे. पण ते कोणाच्या झोपेतून वाचतात, याचा हिशेब कोणी मांडत नाही. गाडीत मागे आपली म्हातारी आई, बायको, पोरे झोपलेली असतात. पुढे एकटा माणूस जागा असतो आणि तो आदल्या दिवसभर दुसऱ्या भाड्यावर जाऊन आलेला असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ मध्यरात्रीनंतर एक छोटी बस ट्रकवर मागून आदळली. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी दर्ग्याहून नाशिककडे परतणारी ती साधी माणसे होती. छोट्या बसमध्ये तीसहून अधिक जण बसलेले होते. बारा जण जागीच गेले. त्या रात्री कोणाचे काय चुकले, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण रात्रीची वेळ आणि गच्च भरलेली गाडी या दोन गोष्टी टाळणे आपल्या हाती असते. आपल्या सहलींतही नेमक्या याच दोन गोष्टी असतात.

चालक हाही कामगारच आहे, हे आपण तरी विसरू नये. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठीही दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरच्या सहलीत चालकाला सोळा-सोळा तास जागे ठेवणे शोभत नाही. त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवावे. रात्री त्याला खोलीत खाट द्यावी, गाडीच्या सीटवर झोपवू नये. हा खर्च सहलीच्या वर्गणीत आधीच धरावा.

आता सहल कशी आखावी, ते पाहू. महू, सांची, अजिंठा, वेरूळ, येवला आणि नाशिक अशी फेरी घालायची तर गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांतून अंदाजे दोन हजार किलोमीटर होतात. दिवसाला सरासरी अडीचशे धरले तर आठ दिवस लागतात, आणि एक दिवस हातचा ठेवावा. शनिवारी निघून पुढच्या रविवारी घरी, असे नऊ दिवस बसतात. ज्यांना शनिवार-रविवार सुटी आहे त्यांना रजा फक्त पाच दिवसांची लागेल. पोरांची नाताळची सुटी गाठली तर शाळाही बुडत नाही. मात्र ३१ डिसेंबरच्या सुमारास लॉजचे दर चढतात, आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्यांनी त्याआधी घरी पोचायला हवे.

शनिवारी सकाळी निघताना आधी आपल्या सोपाऱ्याच्या स्तूपाला वंदन करावे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा दगडी पेटीत करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याला त्याच साली सापडला. लोक सांचीपर्यंत जातात आणि दारातला स्तूप पाहायचा राहतो, असे होऊ नये.

तिथून महामार्गाने मनोर, वापी, सुरत, भरूच करीत बडोदा सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. मुक्काम तिथेच करावा. रविवारी सकाळी संकल्पभूमी पाहावी. अमेरिकेतून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. मग गोध्रा, दाहोद, झाबुआमार्गे इंदूर गाठावे. सोमवारी सकाळी महू. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला ते हे लष्करी गाव. २००३ पासून गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. दुपारी भोपाळकडे निघावे.

मंगळवार पूर्ण सांचीसाठी ठेवावा. भोपाळहून ते अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणजे चालकालाही त्या दिवशी आराम मिळतो. सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी जिथे ठेवल्या आहेत, तो चेतियगिरी विहार १९५२ साली उघडला. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी तिथे अस्थिदर्शनाचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी फार होते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर ते दिवस टाळलेले बरे.

बुधवारी भोपाळ ते बऱ्हाणपूर हा लांबचा आणि कंटाळवाणा टप्पा आहे. उशीर झाला तर हट्ट न करता खंडव्यालाच थांबावे. गुरुवारी बऱ्हाणपूरहून अजिंठा. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून तिथल्या बसने लेण्यांकडे जावे लागते. चढण ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. शुक्रवारी वेरूळ आणि दौलताबाद. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध आहेत. शनिवारी सकाळी नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय पाहून येवल्याला यावे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली ती ही मुक्तिभूमी. रात्री नाशिक. रविवारी त्रिरश्मी लेणी पाहून कसारा-भिवंडीने किंवा जव्हार-मनोरने दिवेलागणीपर्यंत घरी यावे.

वार असे मांडायला कारण आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. हे न पाहता निघालेली मंडळी फाटकाला हात लावून परत येतात. घरी कागदावर पाच मिनिटे घातली असती तर हे टळले असते.

वेरूळ-दौलताबादच्या टप्प्याला आपल्या इतिहासातली एक सहल जोडलेली आहे. १९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे सहलीचा आग्रह धरला, आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सुमारे तीस माणसे नाशिकहून बसने औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे निघाली. रमजान चालू होता. त्या साली रमजान थंडीतच येत होता, म्हणजे ही आपली थंडीतलीच सहल. नाशिक मुंबई इलाख्यात आणि दौलताबाद निजामाच्या राज्यात. वाटेतल्या गावांना त्यांनी मुद्दाम कळवले नव्हते, कारण अस्पृश्य प्रवासी म्हटले की अडचणी उभ्या राहत. दौलताबादला आपली माणसे चहापाणी घेऊन वाट पाहत होती. सर्वांना चहा हवा होता, पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहून व्हावा म्हणून चहा परतताना घेऊ असे सांगून ते पुढे गेले. किल्ल्याच्या दारातल्या तळ्यावर धुळीने भरलेले हातपाय धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून गोंधळ झाला. शेवटी आत सोडले ते एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

त्याच लेखनात १९०१ सालचाही प्रवास आहे. लहानगे भीमराव आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरली. आगाऊ पत्र टाकले होते, पण ते वडिलांच्या हाती पडले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकेना, म्हणून मुलांनीच बैलगाडी हाकली. डब्यात जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

आज आपण तिकीट काढून त्याच किल्ल्यात शिरतो, हव्या त्या नळावर पाणी पितो. हा हक्क पदरात पडला आहे तर प्रवास जपून आणि नीट आखून करावा. मुक्कामाची जागा फोन करून पक्की करावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावे. सांचीला महाबोधी सोसायटीचे विश्रामगृह आहे, तिथेही आधी विचारूनच जावे.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, कारण वसईत स्वेटर पेटीतच राहतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात लोक हिवाळ्यात गाडी बाहेर काढताना आधी रस्त्याची खबर घेतात. कॅलिफोर्नियातला टायोगा घाट बर्फामुळे कित्येक महिने बंदच असतो, आणि डोंगरात टायरला साखळ्या बांधाव्या लागतात. आपल्या वाटेवर बर्फ नाही, पण धुके आहे. माळव्यात आणि भोपाळकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, आणि पहाटे समोरचा ट्रक दिसत नाही. म्हणून सकाळी आठनंतरच निघावे आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचावे. धुके असेल तर चहा घेत थांबावे, चालकाला घाई करू नये. लहान मुले आणि दम्याची माणसे यांना कानटोपी, मोजे आणि एकेक चादर जास्त घ्यावी. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या असाव्यात, आणि त्या डिकीत न टाकता हाताशी ठेवाव्यात.

गाडी ठरवताना पिवळ्या पाटीचीच घ्यावी. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना डोळ्यांनी पाहून घ्यावा. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणे मुश्किल होते. जितक्या सीट तितकीच माणसे घ्यावीत. मांडीवरच्या पोरांनाही सीट धरावी.

खर्चासाठी एका वहीत सहा रकाने पाडावेत : गाडीभाडे-डिझेल, टोल, चालकाचा भत्ता व खाट, मुक्काम, जेवण आणि अडीअडचण. लिटरला दहा किलोमीटर धरले तर दोनशे लिटर डिझेल लागेल. त्या दिवसाचा भाव लावून आकडा काढावा आणि माणशी वाटावा. अडीअडचणीचा रकाना रिकामा ठेवू नये. पैसे कमी पडत असतील तर एखादे ठिकाण पुढच्या वर्षावर टाकावे, मुक्काम मात्र कापू नये.

आणखी एक. बहुतेक सहलींत स्टोव्ह, पातेली, पीठ सगळे बरोबर असते आणि बाया नऊ दिवस रस्त्याच्या कडेला भाकऱ्या थापतात. त्यांनी लेणी कधी पाहायची? पहिल्या दोन दिवसांच्या भाकऱ्या, चटणी, चिवडा घरून घ्यावा, पुढे साध्या खाणावळीत जेवावे. दर दोन-अडीच तासांनी जिथे स्वच्छ संडास आहे अशा पेट्रोल पंपावर थांबायचे, हेही आधीच ठरवावे. बाया संकोचाने पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात.

तेव्हा येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर कागद-पेन घेऊन बसा. बायांना आणि म्हाताऱ्यांना बोलवा, जमले तर चालकालाही बोलवा. प्रत्येक दिवसापुढे निघायची वेळ, पोचायची वेळ आणि मुक्कामाचे ठिकाण लिहा. ज्या दिवशी गाडी आठ तासांपेक्षा जास्त चालणार असेल, तो दिवस खोडून पुन्हा मांडा. तो कागद गाडीत समोर चिकटवा आणि एक प्रत घरी राहणाऱ्यांकडे ठेवा.