हात गेला, हक्क जाऊ देऊ नका



दिवाळीनंतर अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या जिनिंगांत रेचे सुरू होतात. रुईची धूळ, फिरता पट्टा, त्यात रात्रपाळीची डुलकी. एखाद्याचा हात सापडतो, एखादीचा पदर ओढला जातो. मालक दवाखान्याचे बिल भरतो, पाच-दहा हजार हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. घरच्यांना वाटते, प्रकरण मिटले. ते मिटलेले नसते.

कापूस जिनिंग कायद्याने हंगामी कारखाना ठरतो. म्हणून तिथे कामगार विमा योजना लागू होत नाही. भरपाई मालकालाच द्यावी लागते. हा हक्क पूर्वी १९२३ च्या कायद्याने होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ठेकेदाराने आणलेल्या मजुराची जबाबदारीही मालकावर येते.

हिशेब पाहा. वय ३५, पगार महिना १०,००० रुपये. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ६,०००. त्याला या वयाचा गुणांक १९७.०६ ने गुणले की ११,८२,३६० रुपये. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई. एक पंजा तुटला तर तिच्या ६० टक्के, म्हणजे ७,०९,४१६ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ३,५४,७०८ रुपये. मृत्यू झाल्यास पगाराच्या ५० टक्क्यांवर हिशेब होतो. तो येतो ९,८५,३०० रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज चढते. आता ते पाच-दहा हजार आठवा!

हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूची भरपाई तर मालकाने परस्पर घरी देऊन भागत नाही. ती सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते.

तेव्हा एवढे करा. अपघाताची लेखी खबर मालकाला लगेच द्या आणि प्रत जवळ ठेवा. दवाखान्याचे कागद, हजेरीचा पुरावा आणि सोबतच्या दोन कामगारांची नावे जपा. दावा दोन वर्षांच्या आत करा. वकिलाला पैसे नसतील तर अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा. कारखान्यातील कामगारांना आणि स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

वाचता येणाऱ्याने हे शेजारच्या घरी वाचून दाखवावे. अंगठा उठवण्याआधी कागद वाचून घेतला, तर लेकरांच्या शाळेचे पैसे वाचतात.