छोट्या शब्दांची मोठी जबाबदारी

भारतीय संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात इंग्रजीचे दोन छोटे शब्द मोठी कामगिरी बजावतात. नागरिकाविरुद्ध भेदभावास मनाई करताना 'अगेन्स्ट' येतो. स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतुदीची मुभा देताना 'फॉर' येतो. एकाच्या जागी दुसरा घातला, तर संरक्षणाचा अर्थच उलटेल. म्हणून 'आशय कळला म्हणजे पुरे' हे म्हणणे, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वारसा सांगणाऱ्या आपणांस तरी पटू नये.

इंग्रजी प्रेपोझिशन आपल्या मुलांना अवघड जातात, हा त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे. भाषांची घडणच निराळी आहे. वंदनेतील पाली 'बुद्धं' या रूपात सारा संबंध एका अनुस्वारात सामावतो. मराठीत तो 'बुद्धाला' असा नामाच्या मागे चिकटतो. इंग्रजीत मात्र 'टु' नामाआधी सुटा उभा राहतो. शिवाय आपला एकच 'ने' तेथे विभागला जातो: बसने प्रवास करताना 'बाय', पेनाने लिहिताना 'विथ', शाईने लिहिताना 'इन'. 'तीन वर्षांपासून' याचे 'सिन्स थ्री इयर्स' होते तेही याच वाटेने. कालावधी सांगायचा तर 'फॉर' हवा. 'सिन्स' हा 2021 सारख्या आरंभबिंदूसाठी.

भिवंडीत यंत्रमाग आणि गोदामांच्या आधाराने जगणाऱ्या कितीतरी घरांत इंग्रजी कानावर पडत नाही. त्या घरातील मुलाचा अर्ज वाचणाऱ्याला त्याचे कष्ट दिसत नाहीत, चूक तेवढी दिसते. ज्याच्यापाशी ओळख वा वशिला नाही, त्याला ती चूक अधिक महाग पडते.

यावर याद्या घोकणे हा उपाय नाही. मराठी वाक्यातील प्रत्ययाखाली रेघ ओढावी आणि इंग्रजीत त्याचे काय झाले ते पाहावे. क्रियापद आणि त्याचा सोबती एकत्रच शिकवावा: 'डिपेंड'बरोबर 'ऑन' येतो, 'डिस्कस'ला मात्र 'अबाउट' लागत नाही. चुकणाऱ्याला हसू नये. हसण्याच्या धाकाने मूल लिहिणेच सोडते.

नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा वसतिगृहात यावे आणि दहावीच्या मुलांनी लिहिलेले अर्ज त्यांच्याशेजारी बसून तपासावेत. देणगीच्या पावतीइतकेच हे दानही मोलाचे ठरेल.