नऊ मिनिटांचा प्रश्न

वाचकहो, दिवाळीच्या अंकात फराळावर लिहावे असा शिरस्ता आहे. यंदा मी ठोशांवर लिहितो आहे, आणि याला कारण आमची अक्का.

अक्का राहते दिघ्याला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. २०२४ च्या जानेवारीत तिथे ‘दिघा गाव’ स्टेशन सुरू झाल्यापासून ‘लांब पडते’ ही माझी सबब संपली. दिवाळीला पंधरा दिवस असताना तिचा फोन आला, “आजच्या आज ये आणि ह्या कार्ट्याला चार शब्द सांग.”

कार्टा म्हणजे माझा भाचा. वय वीस, वजन नव्वद किलो, आणि कॉलेजतर्फे मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटात नाव. आठ दिवसांनी ज्याच्याशी गाठ होती त्या मुलाने मागच्या दोन्ही लढती पहिल्याच फेरीत आटोपल्या होत्या. “मामा, त्याचा उजवा ठोसा बसला की आवाजच वेगळा येतो,” भाचा म्हणाला. अक्काची इच्छा, मी त्याला माघार घ्यायला सांगावे. त्याची इच्छा, मी डाव सांगावा. माझा अधिकार म्हणाल तर कॉलेजात मी तीन लढतींना उभा राहिलो. दोन हरलो, तिसरीला समोरचा गडीच आला नाही. एवढ्या भांडवलावर मी घराण्यातला जाणकार!

भाच्याने डाव आधीच शोधून ठेवला होता. त्याने मोबाईल पुढे केला. किन्शासा, ३० ऑक्टोबर १९७४. अली आणि फोरमन. त्या वर्षी मी कॉलेजात होतो, आणि ती हकीकत वर्तमानपत्रात वाचून आम्ही पोरे वेडी झालो होतो. फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीसच्या चाळीस लढती जिंकलेला, त्यातल्या सदतीस समोरच्याला निकामी करून. फ्रेझियरसारख्या वीराला त्याने १९७३ साली दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवले होते. अली बत्तीसचा. तो दोरांना टेकला, हातांचा आडोसा करून मार खात राहिला. फोरमन मारून मारून थकला आणि आठव्या फेरीत आडवा झाला.

“मी असेच करणार,” भाचा म्हणाला. स्वयंपाकघरात अक्काचा झारा थांबला.

“अरे, ती लढत पंधरा फेऱ्यांची ठरलेली,” मी म्हटले. “तुझ्या तीन फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या. नऊ मिनिटांत विशीतला गडी थकतो होय? तू दोराला टेकलास की गुण त्याचे, आणि जरा डगमगलास की पंच आकडे मोजू लागतील.”

पुढचे मी हळू बोललो. अलीला कंपवात असल्याचे १९८४ साली निदान झाले. १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा हात थरथरत होता, ते मी टेलिव्हिजनवर पाहिले आहे. तो रोग ठोशांनीच झाला का, यावर डॉक्टरांत दुमत असेल. पण आपल्या अक्काच्या मुलाला तो डाव शिकवायला माझी जीभ रेटेना.

मला आठवत होता जीन टनी. शेक्सपिअर वाचणारा, बर्नार्ड शॉचा स्नेही, म्हणून पत्रकारांच्या थट्टेचा विषय झालेला गृहस्थ. डेम्प्सीसारखा घणाघाती ठोसेबाज त्याने १९२६ साली फिलाडेल्फियात लाखावर लोकांसमोर दहा फेऱ्यांत गुणांवर हरवला. डेम्प्सी कसा चालतो, कुठून मारतो, याचा त्याने आधी कसून अभ्यास केला होता. टनीचे सारे काम पायांचे.

मी अक्काचे लाटणे मागून घेतले. ते उजव्या हातात धरून म्हटले, “हा त्याचा ठोसा. टोकाच्या पलीकडे उभा राहिलास तर वारा लागेल. अगदी छातीशी भिडलास तर त्याला हात फिरवायला जागा नाही. मार आहे तो मधल्या वीतभर जागेत. तिथे थांबायचे नाही. सरळ मागेही जायचे नाही, तो पुढे येतच राहील. आपल्या उजवीकडे सरक. डावीकडे गेलास तर लाटण्याच्या वाटेतच. आणि जाता-येता डावा हात सरळ त्याच्या तोंडावर. जोरात नको, पण सारखा. त्याला पाय रोवू द्यायचे नाहीत.” चुकलेला जड ठोसा मारणाऱ्याचाच तोल नेतो. दिवाणखान्यात आम्ही मामा-भाचे तासभर नाचलो. एक फुलदाणी गेली.

“आणि बसलाच तर?” अक्का दारात उभी होती.

तेही टनीपाशी होते. १९२७ साली शिकागोला सातव्या फेरीत डेम्प्सीने त्याला पाडले. डेम्प्सी वेळेवर कोपऱ्यात गेला नाही, म्हणून मोजणी उशिरा सुरू झाली. टनी नवाला उठला, तोवर चौदा-एक सेकंद गेले होते. उठल्यावर त्याने शौर्य दाखवले नाही. मागे मागे फिरत राहिला, डोके ताळ्यावर येईपर्यंत. तीही लढत त्यानेच जिंकली.

“उठलास की मारायला धावायचे नाही,” अक्का मुलाला म्हणाली, “आणि दुसऱ्यांदा पडलास तर तुझ्या सरांनी टॉवेल टाकायचा. कबूल असेल तर जा.” पोराने मान हलवली. सरांना तिने स्वतः फोन केला.

लढत मी पाहिली. अक्का बाहेर व्हरांड्यात बसली. पहिल्या फेरीत भाचा नुसता पळाला आणि गुण गमावून बसला. दुसरीत त्याचा डावा हात चालू लागला. शेवटाकडे तो मधल्या जागेत क्षणभर रेंगाळला आणि तो वेगळा आवाज मी ऐकला. गुडघा टेकला. पंचांनी आठ मोजले. उठून तो उजवीकडे, उजवीकडेच सरकत राहिला. मला श्वास घ्यायचे भान नव्हते. तिसरीत समोरच्याचे दोन-तीन दांडगे ठोसे हवेत गेले, एकदा तर तोच दोरात अडकला. पाच परीक्षकांपैकी तिघांनी आमच्या बाजूने कौल दिला.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मी पुन्हा दिघ्याला गेलो. जबडा सुजल्यामुळे भाच्याला चकली चावत नव्हती. अक्का त्याला बेसनाचा लाडू कुस्करून, दुधात कालवून देत होती आणि माझ्याशी अजून बोलत नव्हती.