नायटा आणि मेडिकलची ट्यूब

पावसाळा आला की वर्गात खाजवणारी मुले आम्हांला दिसतात. मुली तर जांघेतला चट्टा महिनोन्‌महिने अम्मीलाही सांगत नाहीत. पालकांचे उत्तर ठरलेले: मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन दिवसांत बरे वाटले, पुन्हा उठले. भगिनींनो, ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिले असेल तर ते स्टेरॉइड. खाज दबते, बुरशी पसरतच राहते, कातडी पातळ पडते. नायटा म्हणजे बुरशीच. डॉक्टरांनी दिलेले मलम चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते सांगतील तितके दिवस लावावे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. वुजूनंतर पायांच्या बोटांमधले पाणी टिपावे, तिथेच चिखल्या होतात. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही सोबत दाखवावे.