पंखा थांबला, कॉम्प्युटर किती चालेल?

"कॉम्प्युटरमधला पंखा फिरत नाही, पण मशीन सुरू होते आहे. चालवू का?" हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा घाईत असतात. कुणाला उद्याच स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असतो, कुणाला पोलीस भरतीचे हॉल तिकीट काढायचे असते. मशीन बहुतेक वेळा सेकंडहँड, घरातल्या दोघांच्या कमाईतून घेतलेले. ते जळाले तर दुसरे लगेच येणार नाही, आणि आज बंद ठेवले तर पोराची तारीख जाते. म्हणून या वेळी सदरात हाच विषय घेतला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत पडली आहे. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो आत मदरबोर्डवर बसवलेला, काडेपेटीहून लहान असा चौकोनी तुकडा असतो. तो जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर 65 वॅटचा असतो. म्हणजे जुन्या पिवळ्या 60 वॅटच्या बल्बएवढी उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होते. पेटलेला बल्ब उघड्या हाताने धरून पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको.

ही उष्णता काढायची कशी? आपण गरम चहा बशीत ओततो आणि वर फुंकर मारतो, तीच युक्ती इथे आहे. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा जो ठोकळा बसवतात त्याला हीटसिंक म्हणतात. तो बशीचे काम करतो, उष्णता पसरवतो. त्याच्यावरचा पंखा फुंकर मारतो. पंखा बंद पडला म्हणजे फुंकर थांबली, पण बशी शाबूत आहे. चहा निवेल, मात्र सावकाश. हीटसिंकच निघाला तर बशीही गेली. या दोन बिघाडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक जगाला एका प्रयोगाने दिसला. सप्टेंबर 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने चार प्रोसेसर घेतले. मशीनवर गेम चालू असतानाच त्यांचे हीटसिंक उचलून काढले. इंटेलचा पेंटियम 4 मंदावला, पण चालत राहिला. पेंटियम 3 जागीच अडकला, पण वाचला. एएमडीचे दोन्ही ॲथलॉन काही क्षणांत 300 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर तापून कायमचे गेले. पेंटियम 4 मध्ये आतच तापमान मोजून वेग उतरवण्याची सोय होती. ती सोय पुढे सर्वांनीच स्वीकारली. म्हणून त्या काळातील "पंखा गेला की प्रोसेसर जळालाच" ही समजूत आजच्या मशीनला जशीच्या तशी लागू होत नाही.

मिक्सरवर ताण आला की तो आपोआप बंद पडतो आणि खालचे लाल बटण दाबल्यावर पुन्हा चालतो. आजचा प्रोसेसर त्याहून शहाणा आहे. तो आधी वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढत गेले तर मशीन बंद करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते, तर एएमडीच्या 2022 च्या रायझन 7000 मालिकेची 95 अंश आहे. त्यामुळे पंखा बंद असताना मशीन रखडते, माउस अडकतो, व्हिडिओ तुटत चालतो आणि मग एकदम अंधार होतो. प्रोसेसर वाचतो, पण तुमचा अर्धा भरलेला फॉर्म वाचत नाही. त्याच क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइलही खराब होऊ शकते.

मग प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, तर काळजी कसली? काळजी शेजाऱ्यांची आहे. प्रोसेसरच्या भोवती मदरबोर्डवर त्याला वीज पुरवणारे भाग आणि लहान डबीसारखे कपॅसिटर असतात. पुष्कळ मशीनमध्ये वरून खाली वारा मारणारा तोच पंखा त्यांनाही वारा देत असतो. प्रोसेसरला असते तशी स्वतःला आवरण्याची सोय सगळ्याच बोर्डांवर या भागांना नसते. कपॅसिटरच्या बाबतीत एक ढोबळ हिशेब सांगतात, तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. महिना-दोन महिने बिनपंख्याने चालवलेल्या मशीनचा प्रोसेसर ठणठणीत आणि मदरबोर्ड मात्र गेलेला, असे होते ते यामुळेच.

यात हवामानाचाही वाटा आहे. प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा अमुक इतक्या अंशांनी अधिक तापतो. पावसाळ्यात 28 अंशांच्या खोलीत जे मशीन कसेबसे तग धरते, ते मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या 45 अंशांत, पत्र्याच्या छपराखाली, तग धरणार नाही.

आता आजची रात्र निभवायची कशी ते पाहू.

मशीन बंद करून प्लग काढा. कॅबिनेटची बाजूची पाटी उघडा. पंख्यात एखादी वायर अडकली आहे का, धुळीचा थर बसला आहे का, ते पाहा. मऊ ब्रशने धूळ काढा, पाते बोटाने धरून ठेवा. पंख्याची पिन मदरबोर्डवर नीट बसली आहे का तेही तपासा. पंखा बोटाने फिरवल्यावर जड वाटला तर आतले वंगण सुकले आहे असे समजा. साध्या पंख्याच्या मधले स्टिकर अलगद उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला तर तो बहुधा काही दिवस चालतो. हा कायमचा इलाज नव्हे.

तरीही फिरला नाही तर पाटी उघडीच ठेवून टेबलफॅनचा वारा थेट हीटसिंकवर घ्या. उपाय ओबडधोबड आहे, पण कामाचा आहे. लहान मुलांना मात्र दूर ठेवा. सुरू करताना पडद्यावर 'सीपीयू फॅन एरर' अशी सूचना येऊन मशीन थांबते. बऱ्याच ठिकाणी एफ-1 दाबल्यावर ते पुढे जाते.

त्यानंतर प्रोसेसरलाच सबुरीने घ्यायला सांगा. बऱ्याच विंडोज मशीनवर पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' असा आकडा असतो. तो 100 वरून 50 वर आणा. कारण समजून घ्या. काम करताना प्रोसेसर किती तापतो हे मुख्यतः वेगावर आणि व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. वेग 20 टक्के आणि व्होल्टेज 20 टक्के उतरले तर ही उष्णता जवळजवळ निम्मी होते. थोडा वेग सोडला की बरीच उष्णता सुटते. एका वेळी एकच काम करा, गेम आणि व्हिडिओ बंद ठेवा, दर काही मिनिटांनी सेव्ह करा. फॉर्म गेला की मशीन बंद.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्यात जागा कमी आणि बॅटरी जवळ, म्हणून पंखा गेलेला लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. काही मशीन मुळातच बिनपंख्याची असतात, उदाहरणार्थ ॲपलचा 2020 चा एम-1 मॅकबुक एअर. त्याची रचनाच कमी विजेवर चालण्यासाठी केलेली आहे. त्याचा दाखला देऊन आपले 65 वॅटचे मशीन तसे चालवू नये.

दुसऱ्या दिवशी पंखा बदलायलाच हवा. साधा पंखा-हीटसिंक काही शे रुपयांत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, इतर गावी कॉम्प्युटरच्या दुकानात चौकशी करा. जाताना जुना पंखा किंवा त्याचा फोटो आणि प्रोसेसरचे नाव सोबत न्या. हीटसिंक काढायचा झाल्यास जोराने ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. एएमडीच्या कित्येक मशीनमध्ये सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी लावा. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते.

हे सर्व सांगण्याचे आणखी एक कारण आहे. मशीन रखडते, बंद पडते, अशी तक्रार घेऊन गेले की कधी कधी "प्रोसेसर गेला, नवीनच घ्या" असे उत्तर मिळते. आमचे म्हणणे एवढेच की पैसे मोजण्यापूर्वी पाटी उघडायला लावा आणि पंखा फिरतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. काही शे रुपयांचा बिघाड काही हजारांना पडू देऊ नका.

अभ्यासिकेत जिथे दहा-वीस मुले एकाच मशीनवर अवलंबून असतात, तिथे महिन्यातून एकदा धूळ झटकण्याचे काम नावानिशी वाटून द्या, आणि त्यात मुलींची नावे आधी घाला. पंखा बहुधा एकदम थांबत नाही. आधी कित्येक दिवस तो घरघरतो. ती घरघर ज्याच्या कानावर पडेल त्याने दुसऱ्याची वाट न पाहता सांगावे. फॉर्मच्या शेवटच्या रात्री टेबलफॅन शोधण्याची पाळी येणार नाही.