लोकांनी निवडलेला शेरीफ

शेरीफ हा शब्द कानी पडताच अमेरिकन चित्रपटांतील घोड्यावर स्वार झालेला, छातीवर तारा मिरविणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मुंबईच्या शेरीफास आपण नगरपाल म्हणतो. पण ते पद केवळ मानाचे. अमेरिकेतील काउंटीचा, म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, शेरीफ या दोहोंहून निराळा आहे.

हे पद मूळचे इंग्लंडातील. ‘शायर’ म्हणजे परगणा व ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी, यांवरून ते नाव आले. तेथे शेरीफ हा राजाचा माणूस असे. कायदा जाणणारे व पाळणारे लोकच शेरीफ नेमू, असे वचन १२१५ च्या मॅग्ना कार्टात राजाकडून घ्यावे लागले! अमेरिकेत ही निवड मतदारांच्या हाती आली. तेथील बहुतेक राज्यांत लोक आपला शेरीफ मतदानाने, बहुधा चार वर्षांसाठी, निवडतात. ज्या वस्त्यांना स्वतःचे पोलीस नाहीत तेथे गस्त घालणे, न्यायालयाचे हुकूम बजावणे, कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यात वाट चुकलेल्यांचा शोध घेणे, ही त्याची कामे. काउंटीचा तुरुंगही बहुधा त्याच्याच ताब्यात असतो. त्यातील पुष्कळ बंदी खटल्याची वाट पाहत असतात. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नसतो. त्यांना माणुसकीने वागविणे हीच शेरीफाची खरी कसोटी होय, असे आम्हांस वाटते.

मते मागणारा अधिकारी निःपक्षपाती कसा राहील, असा आक्षेप कोणी घेतील. तो निराधार नव्हे. अलाबामातील सेल्मा गावी ७ मार्च १९६५ रोजी मताधिकारासाठी शांतपणे निघालेल्या कृष्णवर्णीयांवर राज्याच्या पोलिसांनी व शेरीफ जिम क्लार्क यांच्या माणसांनी लाठ्या चालविल्या. क्लार्क हे लोकनियुक्तच होते. परंतु ते कोणत्या लोकांचे? त्या काउंटीतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत येऊच दिली जात नव्हती. दोष निवडणुकीचा नव्हता, अपुऱ्या निवडणुकीचा होता. त्याच वर्षी मताधिकाराचा कायदा झाला आणि १९६६ मध्ये क्लार्क पराभूत झाले. त्याच साली अलाबामातीलच मेकन काउंटीने लूशस अॅमर्सन या कृष्णवर्णीय गृहस्थांस शेरीफ म्हणून निवडले. ज्यांना कालपर्यंत शेरीफाचे भय वाटे, त्यांच्याच मतांनी आता शेरीफ ठरू लागला!

म्हणून आमचे मत असे की, तुरुंगाच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यावयाच्या, त्यास निवडण्याचा अधिकार सर्वांना असावा. आणि निवडून आल्यावर ज्यांनी मत दिले नाही त्यांचाही तो रक्षक असावा. शेरीफाच्या ताऱ्याचे तेज त्याच्या पिस्तुलात नसून शेजाऱ्यांच्या विश्वासात असते. अठराव्या वर्षी आम्हां विद्यार्थ्यांच्या हातीही मतपत्र येईल. त्या वेळी सेल्माच्या त्या वाटसरूंचे आम्हांस विस्मरण न होवो!