बैल तपासतो, मग माणूस का नाही?

बैलाने वैरण सोडली तर आपण काय करतो? आधी त्याच्याजवळ जातो. नाकपुडी ओली आहे की कोरडी ते पाहतो, कानाला हात लावतो, रवंथ करतो की नाही, शेण कसे टाकले हे बघतो. डावी भकाळी फुगलेली दिसली तर थापटून आवाज ऐकतो. औषधाचा विचार त्यानंतर.

पण घरात माणूस आजारी पडला की हे सारे शहाणपण कुठे जाते? दुकानातून गोळी आणायची, नाहीतर उपकेंद्रात जाऊन दारातूनच सांगायचे, "सिस्टर, एक सुई मारा, लावणी अडली आहे." तपासू द्यायला आपल्याला वेळ नसतो. आमचे म्हणणे असे, की ही आपली मोठी चूक आहे, आणि ती सुधारणे आपल्याच हाती आहे.

गेल्या काही वर्षांत एक चांगला बदल झाला आहे. 2018 पासून देशभर उपकेंद्रांचे आरोग्य केंद्रांत रूपांतर सुरू झाले. त्यांनाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात आणि त्यांत नर्सिंग शिकलेल्या पुष्कळ जणी आहेत. रोग्याची विचारपूस करणे, अंग तपासणे, नेहमीच्या दुखण्यांना ठरवून दिलेली औषधे देणे आणि पुढे पाठवायचा रोगी ओळखणे, याचे शिक्षण त्यांना मिळालेले असते. परदेशात ही वाट जुनी आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह 1965 साली असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला.

या तपासणीच्या चार पायऱ्या आहेत: पाहणे, चाचपणे, ठोकून बघणे आणि नळीने ऐकणे. त्यांत अवघड जादू काही नाही. फणस तयार झाला की नाही हे आपण थापटूनच ओळखतो. छातीवर बोटाने ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत ऑस्ट्रियाच्या औएनब्रुगर या डॉक्टरने 1761 साली लिहून ठेवली. तो एका सराईवाल्याचा मुलगा. पिंपावर ठोकून दारू किती उरली हे बघताना त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात.

आता आपल्या शेतातलेच उदाहरण घ्या. लावणीच्या दिवसांत आमच्या शेजारच्या एका भावाला ताप भरला, पिंढऱ्या ठणकू लागल्या. चिखलात दिवसभर वाकून पाय दुखणारच, असे म्हणून त्याने दोन दिवस अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी बायकोने ओढत उपकेंद्रात नेले. तिथल्या सिस्टरने डोळे पाहिले, ते लालबुंद, पण चिपडे नव्हती. पिंढऱ्या हलक्या हाताने दाबल्या, तर तो कळवळला. पायाला भेगा होत्या. तिने विचारले, "खाचरात उतरला होता का? घरात उंदीर आहेत का?" एवढ्यावरून तिला लेप्टोचा संशय आला आणि त्याच दुपारी तिने त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवले. तो वाचला. उंदीर आणि जनावरांच्या मुतातून पाण्यात येणारा हा रोग वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, लघवी बंद होते, मूत्रपिंड आणि फुप्फुसे निकामी होऊ शकतात. त्या दिवशी सुई मारून तिने त्याला परत पाठवले असते तर?

फवारणीचेही तसेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण वाचले आहे. फवारणारा माणूस गळून पडला की आपण म्हणतो, ऊन लागले. उन्हाच्या झटक्यात अंग भट्टीसारखे तापते आणि माणूस बरळू लागतो. बऱ्याच कीटकनाशकांच्या विषबाधेत मात्र डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात. शिकलेली नर्स हा फरक ओळखते. म्हणून अशा वेळी औषधाची बाटली बरोबर न्या. नाव लपवू नका.

आणि लेकरे! खोकणाऱ्या मुलाचा न्यूमोनिया ओळखायला आधी लागते ते घड्याळ. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले तर ती धोक्याची खूण. श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल तर आणखी वाईट. म्हणून सिस्टर बाळाचा अंगरखा वर करून गप्प बसून राहिली, तर ती वेळ घालवते असे समजू नका. तो एक मिनिट बाळाच्या जिवाचा आहे.

काही जण म्हणतात, रोग ओळखणे हे डॉक्टरचे काम, नर्सने त्यात पडू नये. यात एक खरी गोष्ट आहे. प्रत्येक रोग नर्सने एकटीने ठरवावा असे कोणी म्हणत नाही. आपली मर्यादा ओळखून रोग्याला वेळेवर पुढे पाठवणे हाच तिच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे. पण डॉक्टर पंधरा-वीस मैलांवर आणि आजार उंबऱ्यात, अशा वेळी पहिली नजर तिचीच पडणार. ती नजर शिकलेली असावी की नसावी, एवढाच प्रश्न आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 पासून जामखेडला काय केले? खेड्यातल्या फारशा न शिकलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले आणि त्यांनी ते चोख केले. मग तीन-चार वर्षे शिकलेल्या नर्सवर आपण अविश्वास का दाखवावा?

मात्र तिला साधनेही हवीत. आडोशाची खोली नसेल तर कोणती बाई पोट तपासू देईल? रक्तदाबाचे यंत्र बिघडलेले असेल तर ती काय मोजणार? नोंदी भरण्यातच सकाळ गेली तर रोग्याला हात कधी लावणार? ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, गटार मागतो. तपासणीची खोली आणि चालू यंत्रही मागावे.

आणि आपण आपले करावे. पुढच्या वेळी उपकेंद्रात गेलात की सुई मागू नका. आधी बसा, काय होते ते पहिल्यापासून सांगा, आणि म्हणा, "सिस्टर, जरा नीट तपासून बघा." बैलासाठी आपण जेवढा वेळ काढतो, तेवढा घरच्या माणसासाठी काढला तरी पुष्कळ झाले.